नॅनोकार्बनच्या पिंपावर काय लिहिलेले असावे?

महोदय,

विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या बॅटऱ्या, स्थिर वीज वाहून नेणारे फरशीचे रंग, अधिक मजबूत काँक्रीट अशा विषयांवरच्या बातम्यांत अलीकडे कार्बन नॅनोट्यूब आणि ग्राफीन (कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा) अशा नॅनोकार्बनचा, म्हणजे अतिसूक्ष्म कार्बनचा, उल्लेख वारंवार येतो, आणि त्याच्या जोडीला ‘पाण्यावर आधारित, म्हणून सुरक्षित’ हे वाक्यही बहुधा येतेच. रंगाच्या कारखान्यात कार्बन ब्लॅकसारखी रंगद्रव्ये पाण्यात विखुरण्याचे काम मी नोकरीभर केले आहे. त्या कामाच्या ओळखीवरून मला असे वाटते की पाण्याकडे वळण्याचे हे पाऊल अगदी योग्य आहे, मात्र त्या वाक्यातला ‘म्हणून’ अद्याप कमावलेला नाही. पाण्यात नेमके काय घालून हा पदार्थ तरंगत ठेवला आहे, त्यातल्या नळ्या किती लांब आहेत आणि वापरानंतर ते पाणी कुठे जाणार आहे, हे पिंपावर लिहिलेले असल्याशिवाय त्याला सुरक्षित म्हणता येणार नाही.

कार्बन नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अणूंच्या षट्कोनी जाळीची पोकळ नळी. एकपदरी नळीचा व्यास एक-दोन नॅनोमीटर असतो, बहुपदरी नळीचा दहा नॅनोमीटरपासून कित्येक दशक नॅनोमीटरपर्यंत जातो; लांबी मात्र अनेक मायक्रोमीटर, म्हणजे व्यासाच्या शेकडो ते हजारो पट असू शकते. असे धागे रशियन शास्त्रज्ञांनी १९५२ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते, तरी जगाचे लक्ष त्यांच्याकडे गेले ते जपानमधील सुमिओ इजिमा यांच्या १९९१ च्या शोधनिबंधानंतर. तांब्याशी स्पर्धा करणारी विद्युतवाहकता आणि पोलादाला मागे टाकणारी ताकद अशी त्यांची कीर्ती आहे, पण हे गुण एकेका सुट्या नळीचे आहेत. बाजारात मिळणाऱ्या भुकटीत त्या नळ्या सुट्या नसतात. त्या एकमेकींना लांबीभर चिकटून त्यांच्या जुड्या झालेल्या असतात. दोन नळ्यांमधले व्हॅन डर वाल्स आकर्षण प्रत्येक बिंदूपाशी क्षीण असले, तरी ते सगळ्या लांबीवर साठत जाते, आणि शेवटी अशी जुडी साध्या ढवळण्याने सुटत नाही. पाण्याच्या रेणूंना तर कार्बनच्या त्या गुळगुळीत, भाररहित पृष्ठभागाला बिलगण्यात काहीच रस नसतो. नुसत्या पाण्यात टाकलेली भुकटी काही वर तरंगते, काही तळाशी गुठळ्या होऊन बसते.

ही जुडी सोडवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांत नळ्या तापवून त्यांच्या पृष्ठभागावर कार्बोक्सिल गट बसवले जातात, त्यामुळे त्या पाण्याला अनुकूल होतात. पण त्यात जाळीला भोके पडतात, वाहकता घटते आणि आम्लाच्या सांडपाण्याचा नवा प्रश्न उभा राहतो. दुसऱ्या मार्गात नळीला रासायनिक इजा न करता तिच्यावर दुसऱ्या पदार्थाचे आवरण चढवले जाते. श्राव्यातीत ध्वनिलहरींनी पाण्यात सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन फुटतात, त्या धक्क्याने जुडीची टोके उकलतात आणि उकललेल्या फटीत साबणासारख्या पृष्ठसक्रिय द्रव्याचे रेणू शिरून नळ्यांना पुन्हा मिटू देत नाहीत. त्या रेणूंची तेलकट शेपटी नळीकडे आणि विद्युतभारित डोके पाण्याकडे असते, त्यामुळे समान भाराच्या नळ्या एकमेकींना दूर लोटतात. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या गटाने २००२ मध्ये सोडियम डोडेसिल सल्फेट वापरून एकपदरी नळ्या अशा रीतीने सुट्या केल्या, सेंट्रिफ्यूजमध्ये उरलेल्या जुड्या खाली बसवल्या आणि वरच्या द्रवातल्या सुट्या नळ्यांची अवरक्त प्रकाशातली चमक प्रथमच नोंदवली. जुडीत ही चमक विझते, त्यामुळे ती दिसणे हाच नळ्या खरोखर सुट्या झाल्याचा पुरावा होता.

एवढी खटपट कशासाठी, याचे एक उत्तर उपयुक्ततेत आहे आणि दुसरे कामगाराच्या फुफ्फुसात. कोरडी नॅनोट्यूब भुकटी अतिशय हलकी असते. पिशवी उघडताना, वजन करताना, भांड्यात ओतताना ती हवेत उडते. एडिंबरा येथील केन डोनाल्डसन यांच्या गटाने २००८ मध्ये उंदरांवर दाखवले की लांब, ताठ बहुपदरी नळ्या उदरपोकळीच्या अस्तरावर ॲस्बेस्टॉसच्या लांब तंतूंसारखाच दाह निर्माण करतात, तर आखूड किंवा गुंता झालेल्या नळ्या तसे करत नाहीत. कारण यांत्रिक आहे: शरीरातील भक्षक पेशी साधारण पंधरा-वीस मायक्रोमीटरपेक्षा लांब तंतू पूर्ण गिळू शकत नाहीत आणि अर्धवट गिळलेल्या तंतूभोवती दाह चालूच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये एमडब्ल्यूसीएनटी-७ या विशिष्ट बहुपदरी प्रकाराला मानवासाठी ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकले. इतर नॅनोट्यूबबद्दल वर्गीकरण करण्याइतका पुरावा त्या वेळी नव्हता. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने, म्हणजे नायॉशने, २०१३ मध्ये कारखान्याच्या हवेसाठी दर घनमीटरला एक मायक्रोग्रॅम एवढी शिफारस-मर्यादा दिली. ज्या कार्बन ब्लॅकमध्ये आम्ही वर्षानुवर्षे काम केले त्याच्यासाठी त्याच संस्थेची मर्यादा साडेतीन मिलिग्रॅम आहे, म्हणजे साडेतीन हजार पट जास्त. दोन्ही पदार्थ काळे आहेत आणि दोन्ही कार्बन आहेत, म्हणून दोहोंना एकाच मास्कने आणि एकाच सवयीने हाताळणे किती चुकीचे ठरेल, हे या दोन आकड्यांवरून कळावे.

म्हणूनच भुकटीऐवजी पाण्यातले विखुरण, म्हणजे पाण्यात आधीच सुट्या करून ठेवलेल्या नळ्यांचे मिश्रण, विकत घेणे ही छोट्या कारखान्यासाठी फार मोलाची सोय आहे. पिशवी फोडण्याचे, तोलण्याचे, ओतण्याचे सगळ्यात धोक्याचे टप्पे पुरवठादाराच्या बंदिस्त यंत्रणेत होतात आणि आपल्या कामगारासमोर येते ते ओले मिश्रण. बॅटरी उद्योगात याचा आणखी एक लाभ आहे. तिथे नॅनोट्यूबचे विखुरण एन-मिथाइल पायरोलिडोन या द्रावकातही विकले जाते, आणि ते द्रावक प्रजननक्षमतेला व गर्भाला अपायकारक मानले जाते. ऋणाग्राचा, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाचा, लेप तर आधीच पाण्यात केला जातो, त्यामुळे तिथे पाण्यातलेच विखुरण वापरणे सर्व दृष्टींनी बरे. हे मी आवर्जून लिहितो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्याचा अर्थ कोणी ‘पुन्हा भुकटीच आणा’ असा लावू नये.

आता कार्बन तरंगत ठेवण्यासाठी पाण्यात घातलेल्या त्या तिसऱ्या पदार्थाविषयी. ईव्हा ओबरडॉर्स्टर यांनी २००४ मध्ये फुलरीन, म्हणजे साठ अणूंचा कार्बनचा गोळा, पाण्यात विखुरून त्यात मासे ठेवले तेव्हा अठ्ठेचाळीस तासांत माशांच्या मेंदूतील मेदावर ऑक्सिडीकरणाची इजा दिसली, आणि ‘नॅनोकार्बन माशांच्या मेंदूला घातक’ अशा बातम्या जगभर झाल्या. त्या प्रयोगात फुलरीन पाण्यात आणण्यासाठी टेट्राहायड्रोफ्युरान हे द्रावक वापरले होते. २००७ मध्ये झेब्राफिशच्या पिलांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की त्यांच्यावर झालेला परिणाम त्या द्रावकाच्या विघटनातून तयार झालेल्या पदार्थांशी जुळतो. द्रावकाविना नुसत्या पाण्यात दीर्घकाळ ढवळून केलेल्या फुलरीनमध्ये तसा परिणाम आढळला नाही. हा प्रकार मला फार महत्त्वाचा वाटतो. कार्बनवर आलेला आरोप बऱ्याच अंशी त्याच्या सोबत्याचा, म्हणजे सोबत घातलेल्या द्रव्याचा, निघाला, आणि याच्या नेमके उलटही घडू शकते: कार्बन निर्दोष आहे असे प्रमाणपत्र दाखवून एखादा उत्पादक त्याच पिंपातील सोबत्याबद्दल गप्प राहू शकतो. सोडियम डोडेसिल सल्फेट कातडीला झोंबते आणि जलचरांना अपायकारक आहे. प्लुरॉनिक नावाचे पॉलिमर एरवी पेशींना मानवते म्हणून औषधनिर्मितीत वापरले जाते, पण ध्वनिलहरींचा दीर्घ मारा झाल्यावर ते तुटते आणि तुटलेले अंश पेशींना घातक ठरतात, असे प्रयोगांत आढळले आहे. तेव्हा बाटलीतल्या मूळ द्रव्याची चाचणी पुरेशी नाही. विखुरण तयार होऊन आल्यावर जसे आहे तशाच रूपात त्याची चाचणी व्हायला हवी.

याच संदर्भात डिंकाचा पर्याय मला आपल्या वाचकांसमोर ठेवावासा वाटतो. इस्रायलमधील बेन-गुरियन विद्यापीठात राजदीप बंदोपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अरबी डिंकाच्या पाण्यात एकपदरी नॅनोट्यूब सुट्या करून त्या दीर्घकाळ तशाच ठेवता येतात हे दाखवले. बंदोपाध्याय पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले. डिंकाचा रेणू मोठा आणि फांद्यांचा असतो. त्याचा एक भाग नळीला धरून बसतो आणि बाकीचा पाण्यात पसरून दुसऱ्या नळीला जवळ येऊ देत नाही. आपल्या पोथ्यांची काळी शाई दिव्याच्या काजळीत डिंकाचे पाणी घोटून होत असे, आणि प्राचीन इजिप्तमध्येही हीच युक्ती चालत होती, म्हणजे कार्बन पाण्यात विखुरण्याची विद्या लिखाणाइतकी जुनी आहे. २००२ मध्येच अमेरिकेतल्या एका गटाने स्टार्चचाही उपयोग करून दाखवला. खाद्यपदार्थांत चालणारे असे नैसर्गिक पदार्थ वापरल्यास कामगाराला आणि सांडपाण्याला होणारा सोबत्याचा त्रास निश्चितच घटतो.

परंतु शाईच्या परंपरेवरून नॅनोट्यूबला निर्दोष ठरवता येणार नाही. काजळीचे कण गोलसर, एकमेकांना जोडलेल्या मण्यांसारखे असतात. नॅनोट्यूब तंतू आहे, आणि डोनाल्डसन यांच्या प्रयोगातला धोका तंतूच्या लांबीचा होता. डिंकाच्या आवरणाने ती लांबी कमी होत नाही. लांबी कमी करते ती ध्वनिलहरींची यंत्रणा, कारण ज्या धक्क्याने जुडी उकलते त्याच धक्क्याने नळी मोडतेही. इथे उत्पादकाचे आणि कामगाराचे हित एकमेकांविरुद्ध जाते, आणि हे उघडपणे बोलले जात नाही याची मला खंत वाटते. बॅटरीच्या लेपात लांब नळ्या असल्या तर कमी मालात वाहकतेचे जाळे तयार होते, त्यामुळे ‘आमच्या विखुरणात नळ्या मोडत नाहीत’ अशी जाहिरात केली जाते. फुफ्फुसाच्या दृष्टीने मोडलेली, आखूड नळी बरी. किती लांबी कामाला पुरेशी आणि किती लांबी अनावश्यक धोका, हे ठरवायला निदान विखुरणातील नळ्यांच्या लांबीचे वितरण माहीत हवे. ते इलेक्ट्रॉन किंवा अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे लागते. कणांवर आदळून पसरणाऱ्या प्रकाशावर चालणारे नेहमीचे कणमापक यंत्र गोल कण गृहीत धरते, त्यामुळे तंतूच्या बाबतीत त्याचा आकडा दिशाभूल करतो, आणि तरीही माहितीपत्रकांत बहुधा तोच आकडा छापलेला असतो.

पाण्यात आले म्हणजे हवेतले गेले, हेही गृहीत धरू नये. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रयोगशाळेतील हवा मोजली गेली तेव्हा नॅनोकार्बन पाण्यात ध्वनिलहरींनी मिसळत असतानाही कण हवेत जात असल्याचे दिसले, आणि नैसर्गिक सेंद्रिय द्रव्य मिसळलेल्या, म्हणजे विखुरण अधिक चांगले होणाऱ्या, पाण्यात हे प्रमाण वाढले. सूक्ष्म थेंब उडतो, थेंबातले पाणी क्षणात वाळते आणि नळी मोकळी होते. उघड्या भांड्यात ध्वनिलहरी सोडणारा दांडा (प्रोब) बुडवून काम करणाऱ्या महाविद्यालयीन प्रयोगशाळा आपल्याकडे थोड्या नाहीत. तिथे ‘ओले आहे’ या समजुतीने मास्क आणि हवा खेचणारा कप्पा दोन्ही बाजूला ठेवले जातात. स्प्रे गनने मारलेला रंग, जमिनीवर सांडून वाळलेला डाग, वाळलेल्या लेपाला घासकागदाने घासणे, पिंपाच्या कडेला सुकलेली काळी पपडी खरवडणे, या सगळ्या वेळी विखुरण पुन्हा धुळीत बदलते. यावर उपाय अगदी साधे आहेत: झाकण असलेले भांडे, हवा बाहेर खेचणारा बंदिस्त कप्पा, सांडलेले वाळण्यापूर्वीच ओल्या फडक्याने पुसून ते फडके बंद पिशवीत टाकणे. कोरडा झाडू मात्र तिथे कधीही फिरवू नये.

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग सांडपाण्याचा आहे. कार्बन पाण्यात टिकत नाही, तो खाली बसेल आणि गाळात जाईल, असे पूर्वी आम्हीही धरून चालत असू. जॉर्जिया टेकच्या गटाने २००७ मध्ये दाखवले की नदीच्या पाण्यातील कुजलेल्या पालापाचोळ्यापासून आलेले सेंद्रिय द्रव्य बहुपदरी नॅनोट्यूबना महिनाभर तरंगत ठेवू शकते, आणि तेही प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या सोडियम डोडेसिल सल्फेटपेक्षा चांगल्या रीतीने. म्हणजे नदीत गेलेला पदार्थ तिथेच खाली बसेल याची खात्री नाही. उलट कठीण पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन विद्युतभारावर टिकलेल्या विखुरणाचा तोल बिघडवतात आणि गुठळ्या खाली बसतात. बोअरच्या जड पाण्याने विखुरण पातळ केल्यावर ते ‘फाटते’, अशी तक्रार कारखान्यात येते तिचे कारण हेच. या गुणाचा उपयोग सांडपाण्याच्या शुद्धीकरणात करता येतो: भारावर टिकलेले विखुरण तुरटी किंवा चुन्याने साकळवून गाळात आणता येते. डिंकाने टिकवलेले विखुरण मात्र भारावर अवलंबून नसते, त्यामुळे त्याच्यावर क्षारांचा परिणाम फार कमी होतो आणि ते शुद्धीकरणाच्या टाकीतून सहज निसटू शकते. कामगारासाठी सर्वांत सौम्य असलेला सोबती सांडपाण्यात सर्वांत चिवट ठरावा, अशी ही अडचण आहे, आणि म्हणूनच पिंपावर सोबत्याचे नाव लिहिणे ही केवळ औपचारिकता नाही. शुद्धीकरण केंद्राच्या चालकाला तुरटी टाकून काम होईल की नाही, हे त्याच नावावरून कळणार आहे.

ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत आपण काय केले हे आठवले की मला घाई करावीशी वाटते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत, जपण्याचा आदेश दिला, कारण या आजारांना प्रकट व्हायला दशके लागतात. तोपर्यंत कित्येक कामगारांच्या बाबतीत जपायला नोंदीच नव्हत्या. नॅनोट्यूबचा उद्योग आज लहान आहे, त्यामुळे हे काम आजच स्वस्तात करता येईल. आपल्या कारखान्यांतील हवेच्या मर्यादांच्या यादीत ॲस्बेस्टॉस, सिलिका, कोळशाची धूळ आहे; कार्बन नॅनोट्यूबला स्वतंत्र मर्यादा नाही. केंद्राच्या नॅनो मिशनने प्रयोगशाळा आणि उद्योगांसाठी सुरक्षित हाताळणीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत आणि ती चांगली आहेत, पण ती बंधनकारक नाहीत.

माझी विनंती राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आहे. राज्यात विकल्या जाणाऱ्या नॅनोकार्बनच्या प्रत्येक पिंपावर मराठीत विखुरण टिकवणाऱ्या द्रव्याचे नाव आणि प्रमाण, नळ्यांच्या लांबीचे सूक्ष्मदर्शकाने मोजलेले वितरण, आणि ते कशाने साकळते याची सूचना असणे सक्तीचे करावे. व्यापारी गुपिताचे कारण देऊन द्रव्याचे नाव लपवू देऊ नये. प्रमाणाचा नेमका आकडा गुप्त ठेवायचा असेल तर तो मंडळाकडे बंद लिफाफ्यात द्यावा. ज्या छोट्या कारखान्यांकडे बंदिस्त कप्पा नाही त्यांना कोरडी भुकटी विकण्यास मनाई असावी. उरलेले विखुरण, पिंप धुतलेले पाणी आणि पुसलेली फडकी २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली वेगळी नोंदवून तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथील प्रक्रिया केंद्रांच्या भट्टीत पाठवावीत, कारण हा कार्बन पुरेशा हवेत व उष्णतेत जळून कार्बन डायऑक्साइड होतो आणि तंतू म्हणून उरत नाही. भूमीभरावात कोरडा गाळ टाकणे हा याला पर्याय नाही. भट्टीपर्यंतच्या वाहतुकीत हा माल ओलाच राहील अशी बंद, गळती न होणारी पिंपे वापरण्याची अट परवान्यातच लिहिलेली असावी.

आपला,
एक निवृत्त रसायन अभियंता, ठाणे